गोव्यातल्या बार्देशात भातलावणीचे मजूर ठरवायचा बाजार पुन्हा भरवायचा तर कधी आणि कसा?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जोडूनच भरवा, तोही मेच्या मध्यापर्यंत. जूनमध्ये माणसं दुसरीकडे ठरून गेलेली असतात.

रोजाआधी, म्हणजे दिवसाच्या मजुरीआधी, लावणीची तारीख ठरवा. ज्योती, जया या भाताच्या वाणांचा तरवा (रोपं) साधारण 21 ते 25 दिवसांत लावायला येतो. सगळ्यांनी एकाच आठवड्यात पेरला की सगळ्यांना त्याच दिवशी लावणीला बायका हव्या असतात, घोडं अडतं ते तिथेच. म्हणून वाड्यावाड्याने आठ-आठ दिवसांचं अंतर ठेवून पेरा. एकरी 10-12 बायका धरा. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतात, मात्र पावसाने खार धुऊन जाईपर्यंत पक्की तारीख देऊच नका.

विसार थोडाच द्या, मुकादमाची सही घेऊन. जेवण आणि गाडीभाडं कोणाकडे, हे तिथेच लिहून घ्या. रोजावरून कमी, यावरूनच जास्त भांडणं होतात.