भूल उतरली की मग?

"झोपेत काय कापायचंय ते कापा मॅडम. पर भूल उतरली की मग?"

लातूरला सर्जरी वॉर्डाशेजारच्या खोलीत मी समुपदेशनाला बसते. पित्ताच्या पिशवीत खडे झालेल्यांकडून हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. या वेळी विचारणाऱ्या काकू केज तालुक्यातल्या, ऊसतोडीला जाणाऱ्या. सोबत नवरा आणि सासू. सासूबाईंनी उत्तर आधीच देऊन टाकलं होतं, "बाईमाणसानं कळ काढावी."

काकूंची भीती मात्र निराळी होती. सिस्टरनी सांगितलं होतं की जखमेजवळ बधिर करायचं इंजेक्शनही देणार. "धाकट्याच्या वेळेला कंबरेत सुई दिली, तवापासून कंबर दुखायलीय. आता पोटातबी सुई? म्हंजे मी जागीच राहणार का?"

कंबरेच्या सुईवर मी वाद घातला नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तो कुणीच जिंकत नाही. एवढंच म्हटलं, की या वेळी पाठीला हात लागणार नाही, शिरेतून औषध देऊन पूर्ण झोपवणार. बधिर करणारं औषध दिलं जाईल ते तुम्ही झोपेत असतानाच. दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटावर चार बारीक छेद असतात, एक बेंबीपाशी. तिथल्या कातडीत आणि स्नायूत ते औषध भरतात. काही सर्जन यकृताखालच्या, पिशवी काढलेल्या जागेवरही शिंपडतात. जाग येते तेव्हा जखमा सुन्न असतात, पहिले काही तास निभावतात आणि झोप आणणारी कडक वेदनाशामकं कमी लागतात.

"मग लई भरा की," नवरा म्हणाला.

तसं चालत नाही. आमचे भूलतज्ज्ञ बधिर करायला बुपिवाकेन हे औषध वापरतात आणि किलोमागे साधारण २ मिलिग्रॅमची मर्यादा पाळतात. काकूंनी अंदाजानं वजन सांगितलं होतं ५५. काट्यावर भरलं ४७. ०.५ टक्क्याच्या २० मिलीच्या बाटलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे काकूंना अख्खी बाटलीही जास्तच. हे औषध रक्तात फार गेलं तर ओठ बधिरतात, कानात आवाज येतो, झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते. काट्यावर उभं राहायला लाजणाऱ्या बायकांना मी हे मुद्दाम सांगते.

आणि खांदा. तो मी आता कधीच विसरत नाही. सुरुवातीच्या काळात एका गृहस्थांना मी "काही दुखणार नाही" असा शब्द देऊन बसले होते. रात्री त्यांचा उजवा खांदा ठणकू लागला, नातेवाइकांना वाटलं हार्ट अटॅक. ईसीजी नीट आला, पण माझ्यावरचा विश्वास गेला तो गेलाच. चूक माझीच होती. ऑपरेशनला जागा व्हावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. पोट फुगल्यानं नि उरलेल्या वायूनं छातीखालचा पडदा चुरचुरतो, आणि त्या पडद्याची नस मानेतून येत असल्यानं दुखणं खांद्यात जाणवतं. कातडीत दिलेलं औषध तिथवर पोचत नाही. एकदोन दिवसांत हे खांद्याचं दुखणं बहुधा ओसरतं. छाती दाबल्यासारखी झाली किंवा धाप लागली, तर मात्र गॅसच असेल म्हणून गप्प बसायचं नाही.

दुखणं शून्य ते दहात सांगा म्हटलं, तर काकू हसल्या. मग त्यांनीच माप काढलं: उसाचं पान कापल्याएवढं, मोळी उचलताना कंबरेत भरतं तेवढं, आणि कोयता लागल्याएवढं. मी ते तसंच केसपेपरवर लिहिलं. मोळीपर्यंत गेलं की सिस्टरला हाक मारायची, असं ठरलं. सासूबाईंना सांगितलं, दुखण्यानं श्वास आखडला, खोकता येईना, तर कफ साचतो. औषध मागणं म्हणजे नाजूकपणा नव्हे.

ऑपरेशन दुपारी बाराला आटोपलं. संध्याकाळी साडेसातला बेंबीजवळची जखम बोलायला लागली. हाक मारायला उठल्या त्या सासूबाईच. "सिस्टर, मोळी झालीय हिची!" सिस्टरला काही कळेना, केसपेपर बघितला तेव्हा उलगडा झाला. सलाईनमधून पॅरासिटामॉल गेलं, अर्ध्या तासात काकू पानावर आल्या. खांदा रात्री दुखला, पण कुणी घाबरलं नाही.

डिस्चार्जच्या वेळी गोळ्या घड्याळ बघून घ्यायच्या. ताप, कावीळ, वाढतं पोटदुखणं असलं तर लगेच परत यायचं, हे सांगून झालं. नवरा मागे रेंगाळला. "मॅडम, ते बधिर करायचं घरी न्यायला नाय का भेटत? तोडीला कोयता लागतोच की."


"नाही," म्हटलं, "आणि काकूंना सर्जन सांगतील तोवर मोळी उचलायला लावायची नाही."