जुना रिसीव्हर, नवा हेडफोन

प्रश्न : घरी सत्तरच्या दशकातला स्टिरिओ रिसीव्हर आहे. नवा ३२ ओहमचा हेडफोन लावला की बास नुसता फुगतो. सेट बिघडलाय का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : नाही. त्या काळच्या बहुतेक रिसीव्हरांत हेडफोनला वेगळा ॲम्प्लिफायर नसे. स्पीकरचाच सिग्नल २२० ते ४७० ओहमच्या रेझिस्टरमधून जॅकला दिलेला असे. ३०० ओहमच्या हेडफोनला ते झकास चालतं. कमी ओहमच्या हेडफोनचा इम्पीडन्स (ओहममध्ये मोजला जाणारा विजेचा अडथळा) बासपाशी चढत असेल, तर नेमकं तिथेच व्होल्टेज जास्त मिळतं. म्हणून ही ढबढब.

जॅक सोडा, स्पीकर टर्मिनलवरून घ्या. प्रत्येक चॅनेलला १०० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर सिरीजमध्ये आणि त्यापुढे हेडफोनला समांतर १० ओहम, १ वॅटचा. लॅमिंग्टन रोडवर दोन्ही मिळतील. हेडफोनला आता जेमतेम ९ ओहमचा सोर्स दिसेल, म्हणजे सिग्नलच्या बाजूचा अडथळा एवढाच, आणि बास फुगणार नाही. मात्र दोन्ही चॅनेलची निगेटिव्ह टोकं आतून एकच आहेत का, हे सेट बंद ठेवून मल्टिमीटरने तपासा. नसतील तर हा जोड करूच नका.

त्याआधी टर्मिनलवरचा डीसी (एकाच दिशेचं व्होल्टेज) मोजा. ५० मिलिव्होल्टच्या वर असेल तर आधी दुरुस्ती. आणि व्हॉल्यूम फिरवताना खरखर आलीच (आपल्या दमट हवेत येतेच), तर पॉटमध्ये (व्हॉल्यूमच्या बटणामागच्या फिरत्या रेझिस्टरमध्ये) काँटॅक्ट क्लीनर मारा, गंज काढायचा स्प्रे नव्हे.