डिचोलीत खाण सुरू झाली, म्हणून टिपर घ्यावा का?

धाकट्या भावासाठी कर्ज काढून टिपर, म्हणजे खनिज वाहायचा ट्रक, घ्यायचा तर गोव्यात डिचोली-साखळीकडे लोहखनिजाच्या धंद्याचं येतं वर्ष कसं जाईल, हा तुमचा प्रश्न. माझं स्पष्ट मत: कोरा करकरीत टिपर आत्ता घेऊ नका.

लिलाव झाला की ट्रिपा सुरू, असं गोव्यात होत नाही. खाणपट्ट्यांचे पहिले लिलाव डिसेंबर २०२२ मध्ये लागले. डिचोलीच्या ब्लॉकमध्ये खोदाई सुरू व्हायला २०२४ उजाडलं. पर्यावरण दाखला, जनसुनावणी यात वेळ जातोच, पण खरी गोम रस्त्यात आहे. माल जेटीवर, म्हणजे नदीकाठी बार्जमध्ये भरायच्या धक्क्यावर, न्यायचा तर ट्रक गावांतून जाणार, आणि वर्षानुवर्षं धूळ खाल्लेले लोक आता कोर्टात जातात. त्यांना दोष कसा द्यायचा?

दुसरी गोष्ट दराची. गोव्याचा बराचसा माल ५८ टक्क्यांहून कमी लोहाचा. देशातल्या पोलाद कारखान्यांकडून त्याला फार मागणी नाही, गिऱ्हाईक मुख्यतः चीन. बातम्यांत येतो तो भाव याहून सरस, साधारण ६१-६२ टक्के लोहाच्या मालाचा. आपल्याला त्यात कपात सोसावी लागते. गंमत म्हणजे चिनी कारखान्यांना बरा नफा सुटत असला की ते उंची मालाकडे वळतात आणि ही कपात वाढते. म्हणून ‘भाव चढला’ एवढं ऐकून हुरळू नका. शिवाय दिल्लीची लहर आहेच. मे २०२२ मध्ये या हलक्या मालावरही ५० टक्के निर्यात शुल्क बसलं, ते नोव्हेंबरात उठलं.

२०१२ ची खाणबंदी तुम्हाला आठवत असेलच. नंतर वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली, पण फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चमध्ये पुन्हा सगळं बंद. दोन्ही वेळी ट्रक दारात उभे राहिले, हप्ते चालू राहिले.

पर्यटन आहे म्हणाल, तर तो पैसा किनाऱ्यावरच्या बारदेश-सासष्टीत फिरतो. खाणींच्या डिचोली-सांग्यात त्याचे शिंतोडेच येतात.

आता हप्त्याचं गणित. पावसात खोदाई थांबते, म्हणजे कमाई फार तर आठ महिन्यांची, हप्ते मात्र बारा. त्या आठांतलेही दोन महिने कोर्टाच्या नाहीतर रस्त्याच्या भानगडीत जातील असं धरा. सहा महिन्यांच्या ट्रिपांत वर्षाचे हप्ते, विमा, टायर आणि ड्रायव्हरचा पगार निघत असेल तरच बँकेत जा. भावाला फारच घाई असेल तर जुना टिपर बघा, जो खाण बंद पडली तर चिरे, रेव, खडी वाहून पोट भरेल. आणि घेण्याआधी ज्या खाणीवर लावणार तिच्या जेटीपर्यंतच्या रस्त्याला परवानगी आहे का, दिवसाला किती ट्रिपांची, आणि स्थानिक ट्रकवाल्यांच्या यादीत नाव लागेल का, हे पंचायतीत जाऊन विचारा. दलालाला नको, तो हो म्हणणारच.