हिमालयाखाली काय आहे हे शोधायचं म्हणते लेक

प्रश्न : माझी मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र. भूकंपलहरी वापरून हिमालयाखालच्या प्रावरणाचा, म्हणजे भूकवचाखालच्या खडकाच्या जाड थराचा, अभ्यास करायचा, असं तिनं ठरवलंय. भूशास्त्र ती शिकलेली नाही. हे जमेल का? पुढे नोकरी मिळते का, की जन्मभर डोंगरातच फिरावं लागतं?

उत्तर : ताई, भूशास्त्राची काळजी आधी सोडा. दोन-तीनशे किलोमीटर खोलीवरचा खडक कुणी हातात घेऊन बघत नाही. दूर कुठेतरी मोठा भूकंप होतो, त्याच्या लहरी प्रावरणातून हिमालयातल्या भूकंपमापकापर्यंत येतात. त्या किती उशिरा आल्या आणि वाटेत कशा बदलल्या, यावरून त्या वाटेचा हिशेब मांडायचा असतो. त्यासाठी तरंग, फूरिए रूपांतर, मॅट्रिक्स आणि पायथॉन पक्कं लागतं. ज्याला हे येतं त्याला भूशास्त्र एमएस्सीत शिकता येतं. भूशास्त्र येतं पण गणित कच्चं आहे, अशा मुलांची मात्र फार ओढाताण होते.

डोंगरातलं काम असतं, पण वर्षातले काही आठवडे. पक्का खडक उघडा पडलेली जागा शोधायची, रस्ता आणि झाडांपासून लांब, कारण वाऱ्यानं झाडाची मुळं हलली तरी नोंद बिघडते. खड्ड्यात सिमेंटचा छोटा ओटा, त्यावर यंत्र, भोवती थर्माकोल. तापमान बदललं की यंत्र किंचित कलतं आणि आडव्या घटकांच्या (उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम हालचालीच्या) नोंदी डोलायला लागतात. बाहेर सौर पॅनल, १२ व्होल्टची बॅटरी आणि वेळेसाठी जीपीएस. खड्ड्यात पाणी शिरतं, उंदीर केबल कुरतडतात, बर्फाखाली पॅनल झाकला जातो. सगळ्यांत घातक चूक मात्र दिसत नाही : यंत्राचा उत्तर-बाण लावताना होकायंत्र लोखंडी सळईजवळ धरलं आणि दिशा १० अंशांनी चुकली, तर प्रावरण कोणत्या दिशेला ताणलं गेलंय याचं उत्तरही तितकंच चुकतं. दोन वर्षांची सगळी नोंद तिरकी.

इथून पुढचं तिला वाचायला द्या.

तुला हे काम आवडेल की नाही, हे प्रवेशाआधीच कळू शकतं. हैदराबादचं एचवायबी आणि तिबेटातल्या ल्हासाचं एलएसए, या दोन भूकंपमापन केंद्रांच्या जुन्या नोंदी अर्थस्कोपच्या, म्हणजे पूर्वीच्या आयरिसच्या, विदाकेंद्रातून मोफत मिळतात. पायथॉनमध्ये ऑब्स्पाय हे भूकंपनोंदी हाताळायचं मोफत पॅकेज बसव. ५.५ पेक्षा जास्त तीव्रतेचे (मॅग्निट्यूड) आणि केंद्रापासून ३० ते ९० अंश अंतरावरचे (पृथ्वीच्या केंद्राशी मोजलेला कोन) भूकंप निवड. प्राथमिक, म्हणजे सगळ्यांत आधी पोहोचणारी लहर येण्याआधीचे ३० सेकंद आणि नंतरचे १०० सेकंद कापून घे. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम घटक फिरवून भूकंपाच्या दिशेचा, म्हणजे त्रिज्य घटक काढ आणि उभ्या घटकानं त्याला वारंवारतेच्या पातळीवर भाग. याला रिसीव्हर फंक्शन म्हणतात. उभ्या घटकात काही वारंवारता जवळपास शून्य असतात. तिथे भागाकार फुगतो आणि सगळ्या आलेखावर खोटी कंपनं उमटतात, म्हणून छेदाला किमान मर्यादा घालावीच लागते. बऱ्याचशा नोंदी फेकून द्याव्या लागतील. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

उरलेल्या नोंदींची बेरीज केलीस की हैदराबादला साधारण ४ सेकंदांवर एक स्वच्छ शिखर दिसेल. भूकवच संपून प्रावरण सुरू होतं त्या मोहो सीमेवर प्राथमिक लहरीचा काही भाग दुय्यम, म्हणजे हळू जाणारी लहर होऊन मागून पोहोचतो, ते हे शिखर. तिथे कवच सुमारे ३३ किलोमीटर जाड आहे. ल्हासाला तेच शिखर ८ ते ९ सेकंदांपर्यंत लांबतं आणि आलेखही बराच गुंतागुंतीचा असतो.

आता खरी गोम. ल्हासाचं ८.६ सेकंदांचं अंतर कवचाच्या जाडीत, किलोमीटरमध्ये बदलताना प्राथमिक आणि दुय्यम लहरींच्या वेगांचं गुणोत्तर १.७५ धरलंस, प्राथमिक लहरीचा वेग ६.४ किलोमीटर प्रतिसेकंद, तर जाडी ७० किलोमीटर येते. गुणोत्तर १.८५ धरलंस तर ६२! नोंद तीच, मोजमाप तेच. हा आकडा स्वतः बदलून बघ, या विषयाचा स्वभाव त्यात कळतो.

प्रावरणाचं चित्र काढताना हीच जाडी पुन्हा आडवी येते. पर्वताखालचं कवच ३० किलोमीटरनं जास्त जाड असेल, तर तेवढ्यानंच लहर जवळपास १ सेकंद उशिरा येते, आणि प्रावरणातल्या फरकांमुळे होणारा उशीरही बहुधा सेकंदाच्या आतबाहेरच असतो. कवचाची वजावट चुकली की पर्वताचं मूळ, म्हणजे त्याच्याखालचं जाड कवच, प्रावरणातला गरम भाग म्हणून चित्रात उतरतं. शिवाय दूरच्या भूकंपांच्या लहरी जवळपास उभ्याच वर येतात, त्यामुळे प्रतिमा खालीवर ताणल्या जातात. प्रावरणाचा सुंदर रंगीत उभा काप बघितलास की आधी विचार, इथे किती दिशांनी लहरी गेल्या होत्या?

प्रश्न मात्र जिवंत आहे. २००२ ते २००५ मध्ये हाय-क्लाइम्ब प्रकल्पात नेपाळपासून तिबेटपर्यंत केंद्रांची लांब रांग लावली होती. भारतीय कवचाचा खालचा थर तिबेटखाली सुमारे ३१ अंश उत्तर अक्षांशापर्यंत गेल्याचं त्यातून दिसलं. त्याखालचं भारतीय प्रावरण कुठवर पोहोचलंय, यावर अजून वाद आहे, आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना उत्तर बदलतं.

शिक्षणाचं थोडक्यात. आयआयटी मुंबईत अप्लाइड जिओफिजिक्सचं एमएस्सी आहे, प्रवेश जॅम या एमएस्सीच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून. बनारस हिंदू विद्यापीठ आणि धनबादचं आयआयटी (आयएसएम) इथेही भूभौतिकी शिकवतात. पीएचडीसाठी सीएसआयआर-यूजीसी नेटचा भूविज्ञानाचा किंवा गेटचा भूशास्त्र-भूभौतिकीचा पेपर द्यावा लागतो. हैदराबादची एनजीआरआय (राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था) आणि देहरादूनची वाडिया हिमालयीन भूविज्ञान संस्था, दोन्हीकडे हिमालयावर काम चालतं.

ताई, नोकरीबद्दल स्पष्ट सांगते. फक्त प्रावरणावर संशोधन करायच्या कायम जागा थोड्या आहेत. पीएचडीची पाच वर्षं आणि त्यानंतर काही वर्षं तात्पुरत्या पदांवर काढायची तयारी लागते. पण वाट एकेरी नाही. यूपीएससीच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूभौतिकीतज्ज्ञाची जागा मिळते, त्यासाठी एमएस्सी पुरतं. तेल शोधणाऱ्या कंपन्यांमध्येही भूकंपीय नोंदींवर हेच गणित चालतं.

जॅम फेब्रुवारीत होते आणि अर्ज आदल्या वर्षीच भरावे लागतात, म्हणजे तिच्या तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रातच. येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला हैदराबाद-ल्हासाचा आलेख काढू द्या. महिनाभर तो बिघडत राहिला आणि तरी ती संगणकासमोरून उठली नाही, तर अर्ज भरायला तिला अडवू नका.