दुसऱ्यांच्या बँडमध्ये वाजवणारी मुलगी

प्रश्न : आम्ही वसईला राहतो. माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. आजोबा चर्चच्या आणि लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे, त्यांनी तिला लहानपणीच आल्टो सॅक्सोफोन शिकवला. आता तिला जॅझमध्येच करिअर करायचं आहे. सीईटीचा फॉर्म भरलाय, पण अभ्यासात लक्ष नाही. मुंबईतल्या तीन ग्रुपमध्ये ती वाजवते, पोस्टरवर नाव मात्र कायम दुसऱ्याचं. तिचे बाबा म्हणतात, छंद म्हणून ठेव. तिला अमेरिकेतल्या बर्कली या संगीताच्या कॉलेजला जायचंय. त्यासाठी घर तारण ठेवून कर्ज काढावं का? जॅझवर कुणाचं पोट भरतं का? आणि हिचं स्वतःचं नाव कधी होणार? – एक आई

नमस्कार ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीच्या दोन्हींची उत्तरं त्याच्यातच आहेत. पोस्टरवर मुलीचं नाव नसतं याची तुम्हाला खंत आहे. मला मात्र तुमच्या अख्ख्या पत्रात हीच ओळ सर्वांत आशेची वाटली. बारावीतली मुलगी तीन ग्रुपना हवी आहे! जॅझमधलं करिअर असंच सुरू होतं, आणि कितीतरी वर्षं असंच चालतं.

जॉन कोल्ट्रेन या थोर जॅझ सॅक्सोफोनवादकाचं नाव तुमच्या मुलीला माहीत असणारच. त्यानेही सुरुवात आल्टोवर केली, मग टेनर सॅक्सोफोनकडे वळला. आधी ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीच्या बँडमध्ये, मग अर्ल बॉस्टिककडे, मग जॉनी हॉजेसकडे. १९५५ मध्ये माइल्स डेव्हिस या ट्रम्पेटवादकाने त्याला आपल्या क्विंटेटमध्ये, म्हणजे पाच जणांच्या ग्रुपमध्ये, घेतलं. स्वतःच्या नावाची पहिली रेकॉर्ड त्याने १९५७ मध्ये केली, तेव्हा तो ३० वर्षांचा होता. त्याच वर्षी व्यसनापायी डेव्हिसने त्याला काढून टाकलं होतं. त्याने व्यसन सोडलं आणि थेलोनियस मंक या पियानोवादकाबरोबर न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह स्पॉट' क्लबमध्ये महिनोन्‌महिने वाजवलं. अडलेलं विचारायला तो मंकच्या घरी जायचा आणि मंक पियानोवर दाखवायचा. पुढे पुन्हा डेव्हिसकडे, आणि १९६० मध्ये स्वतःचा क्वार्टेट, म्हणजे चौघांचा ग्रुप. म्हणजे दहा-बारा वर्षं तो इतरांच्या बँडमध्ये होता, आणि तेच त्याचं शिक्षण होतं. प्रत्येक म्होरक्याकडून तो काहीतरी वेगळं घेऊन बाहेर पडला.

दुसरं उदाहरण पॉल डेझमंडचं. हाही आल्टो वाजवणारा, म्हणून तुमच्या मुलीच्या अधिकच जवळचा. १९५१ पासून १९६७ पर्यंत तो पियानोवादक डेव्ह ब्रुबेकच्या क्वार्टेटमध्ये होता. १९५८ मध्ये हा क्वार्टेट आपल्या मुंबईतही वाजवून गेला. नाव कायम ब्रुबेकचं. पण या क्वार्टेटची जगभर सर्वांत गाजलेली रचना, 'टेक फाइव्ह', डेझमंडची आहे, आणि रचनेवर नाव त्याचं असल्यामुळे रॉयल्टीही त्याची. १९७७ मध्ये तो गेला तेव्हा ती रॉयल्टी त्याने अमेरिकन रेड क्रॉसला देऊन टाकली. पोस्टरवर कुणाचं नाव आहे यापेक्षा रचनेच्या कागदावर कुणाचं आहे, हे मुलीला आत्तापासून कळू द्या. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा रचनाकाराच्या बाजूने पुष्कळ बळकट झाला आहे. ती स्वतः चाली बांधत असेल तर आयपीआरएसचं, म्हणजे रचनाकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व कसं मिळतं ते तिला शोधायला सांगा.

आता पोटाचा प्रश्न. यासाठी मुंबईचाच इतिहास पाहू. तिच्या आजोबांच्या पिढीने तो जवळून पाहिलाय.

१९३५ मध्ये लिऑन ॲबी हा अमेरिकन वादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताज हॉटेलात आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड आले. त्यांना ऐकून, त्यांच्या शेजारी बसून वाजवून गोव्याची मुलं जॅझ शिकली. गोव्यातल्या चर्चच्या शाळांनी त्यांना आधीच नोटेशन वाचायला शिकवलं होतं, ती शिदोरी इथे कामी आली. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, त्यांच्यातलाच. मग १९४९ चा दारूबंदी कायदा आला, हॉटेलांची कमाई आटली आणि बँडवाल्यांवर संकट आलं. त्यांना सावरलं ते सिनेमाच्या स्टुडिओंनी. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, आपले सी. रामचंद्र, यांनी चिक चॉकलेटला हाताशी धरलं. भगवानदादांच्या 'अलबेला'तल्या गाण्यांमध्ये जो स्विंग, म्हणजे जॅझची झुलती लय, आहे तो या सोबतीतून आला. सेबॅस्टियन डिसूझा लाहोरच्या हॉटेलातला बँड चालवायचे. फाळणीनंतर ते मुंबईला आले आणि शंकर-जयकिशन यांचे अरेंजर, म्हणजे कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहिणारे, झाले. वर्षानुवर्षं त्यांच्या गाण्यांचा वाद्यमेळ डिसूझांनी लिहिला.

ही माणसं तगली कशामुळे? हातात कला होतीच, पण ती कला असलेले बाकीचेही होते. यांना कागदावर लिहिता-वाचता येत होतं, आणि हिंदुस्थानी सुरावटीत वाढलेल्या संगीतकाराबरोबर बसून त्याच्या मनातलं ओळखता येत होतं. मला विचाराल तर तुमच्या मुलीने हेच दोन गुण जिवापाड जपावेत.

म्हणजे निव्वळ क्लबमध्ये जॅझ वाजवून घर चालतं का, तर आपल्याकडे फार थोड्यांचं. पण जॅझ शिकलेल्या माणसाचं चालतं. रेकॉर्डिंग, जाहिरातींच्या जिंगल्स, हॉटेल आणि लग्नसमारंभातले कार्यक्रम, शिकवणी, अरेंजमेंट, असं चार-पाच ठिकाणचं मिळून. पियानोवादक लुई बँक्स यांनी मुंबईत जॅझही वाजवला, असंख्य जिंगल्सही केल्या, आणि १९८८ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या 'मिले सुर मेरा तुम्हारा'च्या अरेंजमेंटमध्येही त्यांचा हात होता. महिन्याचा ठरलेला पगार या वाटेवर नाही. तिच्या बाबांची काळजी रास्त आहे, ती मी खोडून काढणार नाही.

मुलगी आहे म्हणून आणखी एक नाव आवर्जून सांगते. मेल्बा लिस्टन. ट्रॉम्बोनसारखं वाद्य, आणि काळ १९४०च्या दशकाचा. गिलेस्पीच्या बिग बँडमध्ये पुरुषांच्या रांगेत बसून तिने वाजवलं आणि त्या बँडसाठी अरेंजमेंटही लिहिल्या. रँडी वेस्टन या पियानोवादकाबरोबर तिचं काम १९५०च्या दशकाअखेर सुरू झालं, ते मधले खंड धरून १९९०च्या दशकापर्यंत चाललं. १९८५ मध्ये पक्षाघात झाला, ट्रॉम्बोन सुटला, तरी कॉम्प्युटरवर ती अरेंजमेंट लिहीत राहिली. चाळीस वर्षांत वेस्टन पुन्हा पुन्हा तिच्याकडेच आला. हेही नावच आहे, ताई, आणि फार मोठं.

आता कर्ज. बर्कली उत्तम कॉलेज आहे, त्यात वाद नाही. पण फी, राहणं, खाणं धरून वर्षाचा खर्च पन्नास लाखांच्या पुढे जातो. एवढं कर्ज डोक्यावर घेऊन परतलेल्या मुलीला मिळेल ते काम घ्यावं लागेल. तिला आवडणाऱ्या माणसांबरोबर कमी बिदागीत वाजवायची मोकळीकच राहणार नाही, आणि या क्षेत्रात पहिली पाच-सहा वर्षं हीच मोकळीक लागते. म्हणून आत्ता घर तारण ठेवू नका. भरघोस शिष्यवृत्ती मिळाली तर गोष्ट निराळी. प्रवेशासाठी ऑडिशन आणि मुलाखत असते, त्याची तयारी तिने जरूर करावी, त्या तयारीनेही ती पुढेच जाईल.

माइल्स डेव्हिस १९४४ मध्ये न्यूयॉर्कला आला तो जुलियार्ड या नामवंत संगीत विद्यालयात शिकायला. वडील दंतवैद्य, घरची ऐपत होती. पण शहरात उतरल्यावर तो चार्ली पार्कर या आल्टोवादकाला शोधत क्लबमागून क्लब पालथे घालत होता. पार्कर भेटला, त्याच्या बँडमध्ये शिरकाव झाला आणि जुलियार्ड सुटलं. कॉलेज फुकट गेलं असं मी म्हणत नाही, तिथली थिअरी त्याला उपयोगी पडलीच. पण त्याला घडवलं ते पार्करने. तुमच्या मुलीचं असं शहर लोकलच्या अंतरावर आहे.

तेव्हा माझा सल्ला असा. इंजिनिअरिंगची मनापासून ओढ नसेल तर सीईटीचा धोशा सोडा, पण पदवी सोडू नका. चर्चगेटच्या बाजूचं, दुपारी सुटणारं एखादं बीए किंवा बीएस्सीचं कॉलेज बघा. गणित-फिजिक्स आवडत असेल तर तेही जॅझच्या आड येत नाही. पियानोवादक विजय अय्यर फिजिक्स आणि गणित शिकला, आज तो हार्वर्डमध्ये संगीताचा प्राध्यापक आहे. संध्याकाळ सरावाला आणि ग्रुपला. पियानो शिकायला लगेच पाठवा. सॅक्सोफोनवर एका वेळी एकच सूर निघतो, हार्मनी, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा मेळ, डोळ्यांसमोर उलगडते ती पियानोवर, आणि त्याशिवाय अरेंजमेंट लिहिता येत नाही. बाजूला एखादी हिंदुस्थानी शिकवणीही असू द्या, मग ती गळ्याची असली तरी चालेल.

तीन ग्रुपपैकी कुठल्या ग्रुपमध्ये आपण सर्वांत कच्चे आहोत, हे तिला विचारा. तो ग्रुप कधीच सोडायचा नाही. बाकी दोन परीक्षेच्या काळात सुटले तरी चालतील. वेळेवर पोचायचं, आपला भाग घरून बसवून जायचं, दुसऱ्याचा सोलो चालू असताना कान तिकडे ठेवायचे. फोन पुन्हा येतो तो अशाच वादकाला. मिल्ट हिंटन हा बासवादक कॅब कॅलोवेच्या बँडमध्ये पंधरा वर्षं होता. पुढे न्यूयॉर्कच्या स्टुडिओंमध्ये त्याने इतक्या जणांसाठी वाजवलं की जॅझमधल्या सर्वाधिक रेकॉर्डिंग करणाऱ्यांत त्याची गणना होते. कसल्याही बाजाच्या गायकाला त्याच्या साथीचा भरवसा वाटायचा.

रात्रीचं येणं-जाणं हा तुमचा न विचारलेला प्रश्न मला ऐकू येतोय. शेवटची लोकल पकडायची नाही, आधीची पकडायची, किंवा ग्रुपमधल्या कुणाच्या घरी मुक्काम, आणि तो पत्ता तुमच्याकडे. एकदा तिच्या बाबांना घेऊन कार्यक्रमाला जा आणि ती कुणाबरोबर वाजवते ते बघून या. व्यसनाची भीतीही अशी माणसं बघूनच कमी होईल.

आणि बर्कलीचा विषय पदवीच्या शेवटच्या वर्षी पुन्हा काढा. तोवर तिच्या हाताशी स्वतःच्या काही रचना, नीट लिहिलेल्या अरेंजमेंट आणि ज्यांच्याबरोबर वाजवलं त्यांची शिफारसपत्रं जमलेली असतील. तेव्हा अर्ज करताना शिष्यवृत्ती किती मिळते ते आधी पाहा, आणि उरलेला आकडा घेऊन मला जरूर लिहा.