ओंजळ, पसा की आडोसा?

उदगीरच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. शाळेच्या भिंतीवर त्यांनी चित्रकार हळदणकरांच्या 'ग्लो ऑफ होप' या चित्राची प्रत लावली, खाली ओळ लिहिली: 'ओंजळीत दिवा घेतलेली स्त्री'. सहकारी म्हणाले, ओंजळ नव्हे, पसा म्हणा. बरोबर कोण?

ओंजळ तर नाहीच. हा शब्द 'अंजलि'वरून आला. दोन्ही तळवे जुळले तरच ओंजळ होते. पसा 'प्रसृति'वरून आला, तो एका हाताचा. जुन्या मापांत दोन प्रसृतींची एक अंजली धरत. दारी आलेल्याला पसाभर ज्वारी घालायची पद्धत आपल्याकडच्या पुष्कळांनी पाहिली असेल. (पसायदानाचा या पशाशी संबंध नाही, तिथला 'पसाय' म्हणजे प्रसाद.)

मग सहकारी जिंकले? तसंही नाही. पसा उताणा असतो, घ्यायला किंवा द्यायला पुढे केलेला. चित्रातल्या बाईनं एका हातात दिवा धरलाय आणि दुसरा तळवा ज्योतीपुढं उभा केलाय. त्या हातात काही नाही, तो फक्त वारा अडवतोय. याला आपल्याकडं साधा शब्द आहे, आडोसा. लाईट गेली की चिमणी घेऊन ओसरीवरून चुलीपाशी जाताना आजी मागून ओरडायची, "हात आडवा धर की रं, वारं लागंल!" चित्रातला हात नेमका तोच.

मात्र प्रत्यय जपून लावा. 'दिव्याला आडोसा' म्हटलं तर दिवा सुरक्षित. 'दिव्याच्या आडोशाला' म्हटलं तर बाईच दिव्यामागं लपली. आणि नुसतं 'आडोशाला गेली' लिहाल तर पोरं वर्गभर हसतील, ते का हे मराठवाड्यात सांगायला नको. लिहिताना 'आडोस्याला' नको. ससा-सशाला, घसा-घशाला, तसं आडोसा-आडोशाला. पशाचंही तेच.

हा शब्द चित्राच्या कारागिरीलाही शोभतो. चित्र जलरंगातलं, 1945-46 च्या सुमाराचं. पारदर्शक जलरंगात उजेड वरून पांढरा रंग थापून आणत नाहीत. तिथला कागद कोरा राखून ठेवावा लागतो. म्हणजे चित्रकारानंही उजेडाला आडोसाच केला म्हणायचा. बोटांच्या कडांतून जी लाली फुटलीय, तिच्यासाठी तर हात ज्योतीच्या आड हवाच. उताण्या पशातून ती दिसली नसती.

जाता जाता एक. प्रतीखाली राजा रविवर्म्याचं नाव छापलेलं असेल तर खोडा. रविवर्मा 1906 मध्येच गेले, आणि त्यांची ख्याती तैलचित्रांची. हे चित्र सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं, समोर उभी त्यांची लेक गीता. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे.

ओळ मी अशी लिहिली असती: 'दिव्याला हाताचा आडोसा धरलेली बाई'. 'स्त्री' ठेवायचं असेल तर ठेवा. मला त्या आडव्या हाताशेजारी 'बाई' बरी वाटते.