पाच मित्रांनी मिळून गोसीखुर्दच्या पाण्यावर हाऊसबोट घ्यायची, तर मालकी आणि देखभाल कशी वाटून घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की नागपूरचे पाच मित्र मिळून वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरवर मुक्कामाची बोट ठेवायची, खर्चाचे पाच सारखे वाटे करायचे आणि देखभाल 'ज्याला जमेल त्यानं' करायची. बाकी ठीक आहे, ते शेवटचे तीन शब्द तेवढे आजच खोडा.

मी कुही तालुक्यातला शेतकरी. पाण्यापासून दीड किलोमीटरवर घर. २०१६ साली आम्ही चौघांनी अशीच एक वस्तू केली: मी, माझा साळा, आमच्या शाळेतले एक मास्तर आणि नागपूरला नोकरी करणारा माझा वर्गमित्र. हाऊसबोट म्हणायचं आपलं, खरं तर ती ड्रमांवर बसवलेली खोली आहे. २०० लिटरचे ३६ निळे प्लास्टिकचे ड्रम, वर लोखंडी अँगलची चौकट, त्यावर फळ्या, बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती आणि टिनाचं छप्पर. लांबी २४ फूट, रुंदी १२. ड्रम पूर्ण बुडाला तर जवळपास दोनशे किलो वजन पेलतो, पण तो अर्धाच बुडावा असा हिशेब धरायचा असतो. म्हणजे ३६ ड्रमांवर साडेतीन टन, आणि त्यातच खोली, भांडीकुंडी, माणसं सगळं बसवायचं. मास्तरांनी हे गणित सातवीच्या फळ्यावर मांडून दाखवलं होतं. इंजिन नाही. हलवायची झाली की गावातल्या ढिवराची, म्हणजे मासेमाराची, मोटरबोट लावून ओढतो.

केरळातून जुनी बोट ट्रेलरवर आणायचा विचार मात्र सोडा. तिकडची केट्टुवल्लम ही मुळात धान वाहायची नाव. आंजिलीच्या फळ्या काथ्यानं शिवलेल्या, साठ-साठ फुटांच्या वर लांबी. ती त्या पाण्यासाठी आहे, जिथं भरती-ओहोटीनं पातळी थोडीफार खालीवर होते. गोसीचं पाणी उन्हाळ्यात काही मीटर उतरतं, आणि जमीन सपाट असल्यानं काठ कुठच्या कुठं मागं सरकतो. फेब्रुवारीत पाण्यावर डुलणारी बोट मे महिन्यात भेगाळलेल्या गाळात बसलेली दिसेल. लाकडाचा तळ त्या उन्हात सुकला की फाटतो. मग काथ्याची शिवण घालणारा कारागीर वेलतूर-मांढळला कुठं शोधणार? ड्रम काय, नागपुरात कुठल्याही भंगारवाल्याकडं मिळतो. फक्त त्यात आधी काय भरलेलं होतं ते विचारून घ्या. फवारणीच्या औषधाचा असेल तर नको.

आता मुद्द्याचं. लोकांना वाटतं, भागीदारीत भांडण पैशावरून होतं, नाहीतर दिवाळीत मुक्काम कोणी करायचा यावरून. आमच्याकडं पाळीवरून एकदाही भांडण झालं नाही. त्याला कारण आहे. आमच्या शेतात तीन भावांची सामाईक विहीर आहे, सात-बाऱ्यावर तशी नोंदच आहे. आज एकाचं पाणी, उद्या दुसऱ्याचं, लाइन गेली तर त्याचे तास दुसऱ्या दिवशी भरून द्यायचे. हे बापजाद्यांपासून अंगवळणी पडलेलं. तेच खोलीला लावलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे खरे दिवस, त्यातले शनिवार-रविवार चिठ्ठ्या टाकून वाटायचे. पोळा, दिवाळी, ३१ डिसेंबर वर्षावर्षानं फिरते. कोणाचा दिवस वाया गेला तर मार्चमध्ये भरपाई. झालं.

पण विहिरीवर तिघंही भाऊ रोज येतात. मोटरचं फाउंडेशन हललं तर तिघांना दिसतं. पाण्यावरच्या खोलीवर रोज जाणारा एकच असतो, जो जवळ राहतो तो. आमच्यात तो मी होतो. पहिली चार वर्षं मला ते कळलंच नाही. सकाळी शेताकडं जाताना चक्कर मारायची, दोर कुठं घासतोय का बघायचं, जलपर्णीचा गठ्ठा येऊन अडकला असेल तर बांबूनं ढकलायचा. (ही जलपर्णी का माजते, ते तुम्ही नागपूरकर आहात म्हणून सांगतो. तुमच्या नाग नदीचं सांडपाणी कन्हानमार्गे आमच्याकडंच येतं.) ड्रमच्या झाकणाचं रबर उन्हानं कडक होतं आणि आत थेंब थेंब पाणी शिरतं. वरून काही दिसत नाही. मी खोलीच्या मधोमध एक लिंबू ठेवतो. लिंबू ज्या कोपऱ्याकडं घरंगळलं, त्या बाजूचे ड्रम तपासायचे, हाताच्या बोटांनी टकटक करून. रिकामा ड्रम ढोलकीसारखा वाजतो, पाणी शिरलेला गपगार राहतो. एका ड्रमचं झाकण बदलायला अर्धा दिवस जातो, आणि तेवढा वेळ छातीएवढ्या पाण्यात उभं राहावं लागतं. हे काम कोणत्या वाट्यात बसतं?

ऑगस्ट २०२० मध्ये याचं उत्तर मिळालं. महिना संपता संपता तिकडं मध्य प्रदेशात जोरदार पाऊस झाला, सिवनीच्या संजय सरोवर धरणाचं पाणी सुटलं, वैनगंगा फुगली. भंडारा शहरात पाणी शिरलं, गोसीचे ३३ च्या ३३ दरवाजे उघडावे लागले. आमच्याकडं पाणी असं चढत होतं की खुणेसाठी ठेवलेला दगड जेवण करून येईस्तोवर दिसेनासा झाला. खोली चार दोरांनी बांधलेली, दोन बाभळीला, दोन काठावरच्या खुंट्यांना. पाणी वर चढतं, खोली वर उठायला बघते, पण दोर आखूड. मग दोर तो कोपरा खाली ओढून धरतो. रात्री अकराला टॉर्च घेऊन गेलो तर उत्तरेकडचा कोपरा पाण्याखाली, फळ्यांवरून पाणी वाहत होतं आणि आतलं गंज-पातेलं खणखण आपटत होतं.

मी तिघांना फोन लावले. साळ्याचा बंद. मास्तर भंडाऱ्यालाच होते, त्यांच्याच बहिणीच्या घरात पाणी, त्यांना काय म्हणणार. वर्गमित्रानं उचलला आणि म्हणाला, "तू आहेस नं तिथं, मग टेन्शन नाही."

ओली गाठ फुगून दगडासारखी झाली होती, सुटेना. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून विळ्यानं दोर कापला. कोपरा भस्सकन वर आला आणि त्याच्या लाटेनं मी बाभळीच्या काट्यांत. दुसरा दोर कापून त्याला शेतातला पन्नास फुटांचा जास्तीचा दोर जोडला. पहाटे घरी आलो तेव्हा पाठीतून काटे काढत बायको काहीच बोलली नाही. नंतर बोलली.

पाणी ओसरलं तेव्हा खोली तीनशे मीटर लांब एकाच्या धानाच्या बांधीत बसली होती, त्याचा धुरा, म्हणजे बांध, फोडून. सहा मजूर, चार दिवस, वरून ट्रॅक्टर. मजुरीचे ७,२०० आणि ट्रॅक्टरचे ३,०००, चौघांत प्रत्येकी २,५५०. फोनवर मेसेज टाकला, तासाभरात तिघांचे पैसे आले. माणसं वाईट नाहीत, हेच सांगतोय. पण ज्याचं धान गेलं त्याच्या ओसरीवर हात जोडून बसायला मी एकटा गेलो, आणि माझे चार दिवस त्या हिशेबात कुठंच नव्हते. मजुरांच्या बरोबरीनं मीही तराफा ओढला होता.

तेव्हा बायको म्हणाली, "सालदारालेबी सालाचं धान भेटते. तुमाले का भेटते?"

खरं सांगतो, मागायची लाज वाटत होती. मित्रात, सोयऱ्यात पैसे कसे मागायचे? शेवटी दसऱ्याला सोनं द्यायला सगळे जमले तेव्हा मास्तरांनीच विषय काढला. साळा म्हणाला, "भाऊजी, तुमी तर घरचेच न जी." मास्तर म्हणाले, "घरचा आहे म्हणूनच चार वर्षं फुकट राबला." त्या दिवशी ठरलं: रखवालीचे महिन्याला २,००० रुपये, हे कुठल्याही खर्चाच्या आधी. गंमत म्हणजे तो खर्च चौघांत वाटला जातो, म्हणजे माझ्या पगारातले पाचशे मीच भरायचे! मास्तरांचं गणित, काय बोलणार. पण त्या दिवसापासून माझी चिडचिड थांबली, हे नक्की. प्रत्येकानं महिन्याला हजार भरायचे, भिसीसारखे, पाच तारखेच्या आत. त्यातले दोन हजार रखवाली, उरलेले दोन हजार दोघांच्या सहीच्या खात्यात. वर्षाचे २४,००० होतात, त्यात ड्रम, दोर, रंग आणि सडलेल्या फळ्या भागतात. उन्हाळ्यात कोणी फिरकत नाही तरी हप्ता चुकवायचा नाही, कारण खोली सडते ती उन्हाळ्यातच.

आणि पूर, वादळ असं काही झालं तर त्या दिवसांची माझी मजुरी गावच्या दरानं वेगळी. हे कागदावर लिहा. पाचशेच्या स्टॅम्पवर लिहा.

बाहेर पडायचंय त्याचं काय, हेही त्याच कागदावर हवं. आमचा वर्गमित्र २०२२ मध्ये पुण्याला बदलून गेला. सुरुवातीला प्रत्येकानं ६०,००० घातले होते, त्याला तेवढे परत हवे होते. भावाभावांत वाटणी होते तेव्हा एकानं वाटे घालायचे आणि दुसऱ्यानं आधी उचलायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. आम्ही तिच्यासारखंच केलं होतं: दर दसऱ्याला खोलीची किंमत ठरवून वहीत चौघांच्या सह्या. किंमत जो सांगेल त्याला त्याच भावानं विकताही आलं पाहिजे आणि घेताही. त्या वर्षीची किंमत १,६०,००० लिहिलेली होती, खाली त्याचीही सही. म्हणजे ४०,०००. थोडा वेळ गप्प बसला, मग चहा घेतला आणि पैसे घेऊन गेला. आजही फोन येतो. वही नसती तर आला नसता.

कागदपत्रांत आम्ही सुरुवातीला ढिलाई केली, तुम्ही करू नका. जलाशय पाटबंधारे खात्याचा आहे. तुमची बोट असली तरी तिच्याखालचं पाणी आणि काठ तुमचे नाहीत, तेव्हा आधी तिथली परवानगी. इंजिन बसवलंत की २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा लागतो (त्याआधी १९१७ चा होता): नोंदणी, तपासणी, विमा. हे काम महाराष्ट्र सागरी मंडळ बघतं. विदर्भात समुद्र कुठं, असं विचारू नका, मीही विचारून झालंय. नोंदणीत पाचही जणांची नावं घाला. एकाच्या नावावर घेतली तर कायद्याच्या नजरेत मालक तोच, उरलेले चार त्याचे पाहुणे. आणि भाड्यानं द्यायची असेल तर तो धंदा झाला. मग १९३२ च्या कायद्याखाली भागीदारी नोंदवूनच घ्या, कारण बिननोंदणीच्या भागीदाराला करारातल्या हक्कासाठी दुसऱ्या भागीदारावर दावा लावता येत नाही.

मासेमारीचा ठेका ज्या संस्थेकडं आहे त्या ढिवर मंडळींना पहिल्याच दिवशी जाऊन भेटा, बोट आल्यावर नव्हे, आधी. त्यांची जाळी कुठं असतात ते विचारून जागा धरा. इथल्या नदीकाठच्या अंभोऱ्याला पूल नव्हता तेव्हा याच लोकांनी पिढ्यान्पिढ्या माणसं पलीकडं नेली. कुठं भोवरा आहे, कुठं बुडालेल्या गावाच्या भिंती पाण्याखाली आहेत, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

संडास बोटीवर करू नका. आम्ही काठावर शेतात केला. खालच्या गावांना हेच पाणी प्यायचं असतं. लाइफ जॅकेट माणशी एक, आणि रात्री दारू पिऊन पाण्यात उतरायचं नाही, हे पाहुण्यांना आत पाऊल टाकायच्या आधी सांगायचं. पाहुणा ज्याचा, जबाबदारी त्याची. साळ्याचे मित्र एकदा डीजे घेऊन आले होते. असो.

तर तुमच्या पाच जणांत पाण्याजवळ राहणारा कोण आहे? कोणीच नसेल तर गावातला एखादा पोहणारा पोरगा महिन्यावर ठेवा आणि त्याचा पगार बोटीच्या किमतीआधी ठरवा. आमच्याकडं सध्या लिंबू पुन्हा नैऋत्येकडं पळतंय, सतरा नंबरचा ड्रम दिसतो. या रविवारी बदलायचा आहे. मास्तर आणि साळा दोघंही पाण्यात उतरतो म्हणालेत. बघू.